आलापल्ली आणि खुदीरामपल्ली

गडचिरोली जिल्ह्यात घोटवरून मुलचेऱ्याकडे जाताना गावांच्या पाट्या वाचत जाव्यात. या मुलखात ‘पल्ली’ जुनीच. आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत तेलुगूचा शेजार आहे, तिथून ती आली. पण मध्येच विवेकानंदपूर लागतं, सुंदरनगर लागतं आणि मग खुदीरामपल्ली. ही पल्ली बंगालीतली. अर्थ दोन्हीकडे एकच, गाव.

खुदीराम म्हणजे खुदीराम बोस. 1908 साली मुजफ्फरपूरच्या तुरुंगात फाशी गेला तेव्हा तो 18 वर्षांचा होता. ज्या भागात हे नाव येऊन रुजलं, त्या भागाचाही स्वतःचा फाशी गेलेला तरुण वीर होता: बाबूराव शेडमाके. इंग्रजांनी त्यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, फासावर चढवलं. गोंडांच्या लेखी ही त्या बाबूरावांची भूमी. शंभरेक वर्षांनी तिथे हजार-दीड हजार किलोमीटरवरची माणसं वसवायचं ठरलं, तेव्हा ‘जागा मोकळी आहे’ असं सरकारदरबारी गृहीत धरलं गेलं.

आलेले बहुतेक पूर्व बंगालमधले, नमशूद्र जातीचे. खुलना, बरिशाल, जेसोर, फरीदपूर या पाणथळ जिल्ह्यांतले भातशेती आणि मासेमारी करणारे लोक. फाळणीत वरच्या जातींचे, शिकलेले हिंदू आधी कोलकात्याला निघून गेले. हे मागे राहिले. त्यांचे नेते जोगेंद्रनाथ मंडल तर पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि 1950 मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. 1964च्या जानेवारीत पूर्व पाकिस्तानात दंगली उसळल्यावर मोठा लोंढा निघाला. पश्चिम बंगालने हात वर केले, आमच्याकडे जागा नाही. मग रायपूरजवळच्या माना कॅम्पातून माणसं वाटली गेली. 1958 मध्ये उभ्या राहिलेल्या दंडकारण्य प्रकल्पाने काहींना मलकानगिरी आणि परलकोटला नेलं, काही चांदा जिल्ह्यात आले. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो 1982 साली झाला. चंद्रपूर शहरात आजही ऑटोवाल्याला ‘बंगाली कॅम्प’ एवढं सांगितलं की पुरतं. कॅम्प कधीचा उठला, नाव काही उठत नाही.

या माणसांनी इथे काय केलं हे डोळ्यांना दिसतं. जंगल तोडून बांध घातले, धान लावलं, बोड्यांमध्ये, म्हणजे छोट्या तळ्यांत, मासे सोडले, बाजारात भाजीचे ढीग लावले. त्यांच्या कष्टाबद्दल कुणाचं दुमत नाही. प्रश्न त्या ‘मोकळ्या’ जागेचा आहे. इथल्या माडिया आदिवासींची फिरती शेती एक तुकडा काही वर्षं पिकवते आणि मग पडीक ठेवते. तो पडीक तुकडा कागदावर कुणाचाच नसतो. मोहाचं झाड कुठल्या घराचं हे गावाला ठाऊक असतं, तलाठ्याला नाही. म्हणून फाळणीची भरपाई अशा लोकांच्या हिश्शातून झाली, ज्यांनी पाकिस्तान हे नाव बहुधा निर्वासितांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं असेल.

इथे जर्मनीची आठवण होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातून सव्वा कोटीच्या आसपास जर्मन हाकलले गेले, त्यांतले सुमारे 80 लाख पश्चिम जर्मनीत पोहोचले. स्थानिकांनी त्यांचं स्वागत केलं असं मुळीच नाही. पण 1952 मध्ये तिथे ‘भारवाटपा’चा कायदा झाला. युद्धात ज्यांची मालमत्ता शाबूत राहिली, त्यांनी तिच्या निम्म्या किमतीइतका कर तीस वर्षांच्या हप्त्यांनी भरायचा आणि तो पैसा सर्वस्व गमावलेल्यांना द्यायचा. युद्ध सगळ्या देशाचं, तर नुकसानही सगळ्या देशाचं, असा तो हिशेब. आपल्याकडे फाळणीचा निर्णय दिल्ली आणि लंडनमध्ये झाला आणि हप्ता घोट-मुलचेऱ्याच्या जंगलाने भरला. मलबार हिलवर त्याची तोशीस लागली नाही.

बंगाल्यांनाही पूर्ण मोबदला मिळाला असं नाही. नमशूद्र ही जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित आहे, ओडिशातही आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. अनुच्छेद 341नुसार या याद्या राज्यवार ठरतात. त्यामुळे एकाच कॅम्पातून निघालेल्या दोन भावांपैकी मलकानगिरीला गेलेला अनुसूचित जातीचा आणि मुलचेऱ्याला आलेला खुल्या प्रवर्गातला, असं होऊ शकतं. जात मागे राहिली असं म्हणायची सोय नाही. फक्त दाखला मागे राहिला. ‘आपल्या’ बंगालला परत जावं म्हणून 1978 मध्ये दंडकारण्यातून हजारो लोक निघाले, सुंदरबनात मरीचझापी बेटावर वसले. पुढच्या वर्षी डाव्या आघाडीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी करून त्यांना हुसकावलं. किती मेले यावर अजून वाद आहे.

गडचिरोलीतल्या आदिवासींच्या मनातली भीतीही समजून घ्यायला हवी. 2011च्या जनगणनेत जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे 39 टक्के होतं. त्यामुळे नमशूद्रांच्या सवलतींची मागणी आली की ‘आमच्यातला आणखी एक वाटेकरी’ असं ऐकू येतं. प्रत्यक्षात अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांचे कोटे वेगळे आहेत. पण ज्यांची जमीन एकदा न विचारता वाटली गेली, त्यांना कोट्यांचा हा बारकावा सांगून धीर येत नाही.

आदिवासी आणि बंगाली या दोघांची गाठ जबरानजोतीत पडते. जंगलात हद्दीपलीकडे कसलेल्या जमिनीला इकडे जबरानजोत म्हणतात, ती दोघांकडेही आहे. 2006च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवला की पुरे म्हटलं. इतरांना मात्र त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. वजाबाकी केली की साल येतं 1930. त्या साली खुदीरामपल्लीच्या घराघरांतले आजे-पणजे खुलन्याच्या, बरिशालच्या पाण्यात धान रोवत होते. त्याचा कागद असलाच, तर तो आता बांगलादेशात आहे.