सबक, तरावीह, तकरीर

सोलापुरातील मुस्लिम मुले दिवसा उर्दू किंवा मराठी शाळेत आणि सकाळ-संध्याकाळ वस्तीतल्या मशिदीच्या मकतबात शिकत आली आहेत. संवादकौशल्य, संघभावना, वेळेचे भान ही भाषा 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शाळांमध्ये रुळली. मकतबात या गोष्टी त्याआधीपासून रिवाजाच्या ओघात अंगवळणी पडत होत्या.

त्यातली सर्वांत कसदार घडण हिफ्जच्या वर्गातली. कुराण मुखोद्गत करणाऱ्या मुलाला नवा सबक, गेल्या काही दिवसांची सबकी आणि जुना आमुख्ता असे तिन्ही पाठ उस्तादांना नेमाने ऐकवावे लागतात. पाळी येईपर्यंत मुले जोडीने एकमेकांचे पाठांतर तपासतात. खरी कसोटी लागते ती रमजानमध्ये, तरावीहच्या म्हणजे रात्रीच्या कुराणपठणाच्या नमाजात. विशीच्या आतबाहेरचा हाफिज, म्हणजे कुराण मुखोद्गत असलेला तरुण, इमामाच्या जागी उभा राहतो. त्याच्या मागच्या सफेत, म्हणजे रांगेत, सामे, म्हणजे लक्ष देऊन ऐकणारा दुसरा हाफिज असतो. आयत चुकली की सामे तिथल्या तिथे मोठ्याने लुकमा देतो, म्हणजे बरोबर शब्द सुचवतो, आणि इमाम दुरुस्ती करून पुढे पठण चालू ठेवतो. भर जमातीत, वडीलधाऱ्यांच्या देखत चूक दाखवायची आणि रुसवाफुगवा न धरता ती मान्य करायची, हा सराव एखाद्या कार्यशाळेत क्वचितच मिळेल.

सभाधीटपणा येतो तो रबीउल अव्वल या पैगंबरांच्या जन्ममहिन्यातल्या जलशांतून. तिथे लहान मुले नात म्हणजे पैगंबरांची स्तुतिगीते म्हणतात, मोठी तकरीर म्हणजे भाषण करतात. इफ्तारचे वाढप आणि चंद्याच्या पावत्या यांतून हिशेब आणि माणसे सांभाळणेही जमते.

या घडणीला मर्यादाही आहेत. पाठांतराने स्मरणशक्ती तयार होते, पण प्रश्न विचारण्याची सवय त्यातून आपोआप लागत नाही. मुलींना तरावीहचे व्यासपीठ नाही. त्यांचे वक्तृत्व बहुधा सीरतच्या, म्हणजे पैगंबरांच्या चरित्रावरील, स्पर्धांपुरते राहते. शिवाय जलशाची भाषा उर्दू. मराठीत बोलणाऱ्या-लिहिणाऱ्या मुस्लिमांना मोठे व्यासपीठ मिळाले ते 1990मध्ये, पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरले तेव्हा. संगमेश्वर महाविद्यालयातील प्राध्यापक फकरुद्दीन बेन्नूर या साहित्य चळवळीच्या अग्रभागी होते.

पुढे 2013मध्ये राज्य शासनाने डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आणली. गणित-विज्ञानाबरोबर मराठीही तिच्यात आली. या विषयांच्या डी.एड. शिक्षकांचे मानधन दरमहा 6 हजार रुपयांवर राहिले. 2024मध्ये ते 16 हजार करण्याचा निर्णय झाला.