लुटारू कोण आणि वीर कोण?

इंग्रजांनी कान्होजी आंग्रे यांस चाचे ठरविले. मराठी इतिहासाने त्यांना सरखेल म्हणून गौरविले. दोन शतकांनी हाच शिक्का साताऱ्याच्या प्रतिसरकारावर बसला. ७ जून १९४३ रोजी पुणे-मिरज लोहमार्गावर शेणोलीनजीक तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली. सत्तेने त्यास दरोडा म्हटले; जनतेने कॅप्टन भाऊ लाड यांचे नाव हृदयात जपले.

परंतु याच लढ्यातील स्त्रियांचे काय? क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई तेव्हा विशीच्याही आत होत्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी मारहाणीचे सोंग वठविले. पोलीस सोडविण्यास धावले आणि सहकाऱ्यांनी आतील बंदुका पळविल्या. पुढे गोव्यातील कामगिरीत लाकडी पेटीच्या आधाराने त्यांनी मध्यरात्री मांडवी ओलांडली. २०२१ मध्ये त्या निवर्तल्या.

पुरुषांना शत्रूने निदान लुटारू तरी म्हटले; अशा कित्येक स्त्रियांच्या वाट्याला तेवढीही नोंद आली नाही. मिरजेच्या गाडीने जाणाऱ्या विद्यार्थ्यास शेणोली आणि भवानीनगर ही केवळ स्थानके वाटू नयेत, एवढे तरी शिक्षकांनी पाहावयास नको काय?