आंब्यावरचं दुसरं बांडगूळ

मृगाच्या तोंडावर वादळ झालं आणि भोकरदनकडच्या एका बांधावर जुन्या आंब्याची फांदी मोडून पडली. तिच्यावर दोन उपरी झाडं होती. एक खरं बांडगूळ, नळीसारख्या लाल फुलांचं. त्याची मुळं सालीत घुसून आंब्याचा रस ओढतात. दुसरं वांडा, आपल्याकडची आमरी. तिची पानं चिवट, पन्हळीसारखी, मुळं रुपेरी आणि सालीला नुसती चिकटलेली.

"दोन्ही बांडगूळच की," कोयता टेकवून मामा म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं? संस्कृतात 'वंदा' म्हणजे बांडगूळच. संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी तोच शब्द उचलला आणि शास्त्रीय नावातही गैरसमज कायमचा बसला.

आमरीचं बी धुळीसारखं बारीक असतं. त्यात अन्नाचा साठा नसतो, विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. म्हणून बी पेरायच्या भानगडीत मी पडत नाही. झाडावरची आमरी ओढून काढत नाही, खाली पडलेली तेवढी उचलतो. एकदा अशीच एक काळ्या मातीच्या कुंडीत लावली होती. पंधरा दिवसांत मुळं कुजली. तिला माती नको, वारा हवा.

या वेळी त्याच आंब्याच्या पूर्वेकडच्या बेचक्याजवळ, खडबडीत सालीवर, तिला सुतळीने बांधली. मुळं सालीला टेकलेली, शेंडा किंचित कलता, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साठत नाही. तारेने बांधलं तर खोड कापतं. सुतळी कुजते, आणि कुजेपर्यंत मुळांनी पकड घ्यायची, असा हिशेब.

इकडे जालन्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. पण ही झाडं त्यासाठीच घडलेली. पानांची रंध्रं रात्री उघडतात, दिवसाच्या उन्हात पाणी वाया जात नाही. मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. पावसाने ओढ दिली की मी बाटलीने फवारा मारायचो. बघता बघता रुपेरी मूळ हिरवं व्हायचं. हे बघायला मामाही खाटेवरून उठून यायचे.

श्रावणात मुळांना हिरवी टोकं फुटली, सालीच्या खाचा धरून सरकू लागली. दिवाळीत सुतळी हाताला लागताच तुटली. झाड हललं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मामांनी आंब्यावरची बांडगुळं छाटली. बेचक्याजवळची आमरी मात्र तशीच होती. "तुमचं बांडगूळ ठेवलंय बरं का," ते म्हणाले.