चढलेला सूर

माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची १९५९ची तबकडी आणि नंतरची महागडी पुनर्मुद्रणे यांची तुलना करताना रसिक खरखर, खर्ज, झांजांची धार यांवरच बोलतात. खरा फरक सुराचा आहे. २ मार्चला न्यूयॉर्कमध्ये मुख्य ध्वनिमुद्रणयंत्र किंचित मंद चालले. ती फीत नेहमीच्या वेगाने वाजवली की पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना चढ्या ऐकू येतात. राखीव यंत्राचा वेग मात्र अचूक होता. त्याच्या फितीवरून दुरुस्त आवृत्ती निघाली ती थेट १९९२मध्ये. (तोवर तबकडीबरोबर वाजवून शिकणाऱ्यांनी आपलीच वाद्ये चढवून घेतली असतील!) जुन्या प्रतीचे मोल संग्राहकाला, स्टुडिओत प्रत्यक्ष उमटलेला सूर हवा असेल, तर माझ्या मते राखीव फितीवरचे पुनर्मुद्रणच घ्यावे.