बर्मिंगहॅमचा भोंगा आणि खोपोलीचा बेंजो

५ जुलै २०२५ रोजी इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी, व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर, ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाने आपला अखेरचा कार्यक्रम केला. गायक ऑझी ऑस्बर्न आसनावर बसून गायला. कंपवाताने त्याला उभे राहवत नव्हते. सतरा दिवसांनी तो वारला. त्याच्या निधनानंतर रॉक संगीताच्या चाहत्यांत एका जुन्या वादाने पुन्हा डोके वर काढले. खरे ‘हेवी मेटल’ ते सत्तर-ऐंशीच्या दशकांतले, आजचे म्हणजे नुसता गोंगाट, असे चाळिशी-पन्नाशीचे श्रोते म्हणतात. ज्यांना हे सांगितले जाते ती विशीतली मुले कानांतली बोंडे काढण्याचीही तसदी घेत नाहीत. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांचे तट ज्या महाराष्ट्राने पाहिले आहेत, त्याला या भांडणाची नवलाई वाटण्याचे कारण नाही.

वरकरणी हा वाद अभिरुचीचा दिसतो. वस्तुतः त्यात अर्थकारणाचा भाग मोठा आहे, आणि तो न्याहाळायला मुंबई-पुण्याच्या मधोमध, बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत-खालापूरसारखी जागा नाही.

बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. ब्लॅक सॅबथचे चौघेही तेथल्या कामकरी वस्तीतले. ऑस्बर्नने मोटारींचे भोंगे जुळवण्याचे काम केले होते, खाटीकखान्यातही दिवस काढले होते. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. वयाच्या सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणे केली आणि पुढे तारांचा ताण सोसेना म्हणून त्या सैल केल्या. तार सैल झाली की सूर खाली उतरतो, जड होतो. १९७१ पासून त्या बँडच्या ध्वनिमुद्रिकांत हा उतरलेला सूर ऐकू येतो. याच परिसरातल्या ‘जूडास प्रीस्ट’ या बँडने १९८० साली आपल्या ध्वनिमुद्रिकेला ‘ब्रिटिश स्टील’ असे नाव दिले. त्यांचा एक गिटारवादक त्या पोलाद कंपनीत नोकरीला होता.

आता खोपोलीकडे पाहावे. १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र येथे सुरू झाले आणि येथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने महिंद्र युजिनचा पोलाद कारखाना आला, नळ्यांचे आणि कागदाचे कारखाने आले. पाळीचा भोंगा, तापलेल्या भट्ट्या, तेलकट कपडे, सारे बर्मिंगहॅमसारखेच. तरीही पोलादी संगीत येथल्या कामगारांच्या पोरांचे कधी झाले नाही. इंग्लंडात जे कामगारवस्तीत जन्मले, ते आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयांतून आले आणि बराच काळ तेथेच राहिले. याला खोपोलीच्या मुलांच्या कानांचा दोष मानणे अन्यायाचे होईल.

दोष वाटेचा होता. सत्तरच्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यापलीकडे मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा रॉक संगीताचा मोठा मेळावा भरला होता. मुंबईहून मळवलीला जायचे तर रूळ कर्जतवरूनच जातो, आणि घाटासाठी मागून इंजिन जोडून घ्यायला गाड्या तेथे थांबत. प्रवासी वडा खाऊन घाट चढत. संगीत कर्जतला उतरत नसे. १९८६ पासून मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव होऊ लागला आणि धोबीतलावचे रंगभवन या चाहत्यांचे पंढरपूर बनले. बोरीबंदर स्थानकापासून ते चालत गाठता येई, ही त्याची कर्जतकराच्या दृष्टीने सर्वांत मोठी गुणवत्ता. मुंबईहून कर्जत शंभर किलोमीटर, खोपोली आणखी पंधरा. मध्यरात्रीच्या सुमाराची शेवटची लोकल साधली तरी खोपोलीकराला कर्जतच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट पाहावी लागे. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे या शतकाच्या पहिल्या दशकात रंगभवन या संगीताला बंद झाले. नियम रास्तच होता, पण स्वस्त आणि स्थानकाजवळची जागा गेली ती गेलीच.

जॉर्ज स्टिगलर आणि गॅरी बेकर या शिकागोच्या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक निबंध लिहिला. लोकांची आवड बदलली, असे म्हणून अर्थशास्त्रज्ञाने सुटका करून घेऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. मूळ आवडी स्थिरच असतात. बदलते ती किंमत, आणि ऐकून ऐकून माणसात साठलेले भांडवल. उदाहरण त्यांनी घेतले तेही संगीताचेच. ऐंशीच्या दशकातला विद्यार्थी या दृष्टीने पाहिला म्हणजे त्याचा हट्ट समजतो. मूळ कॅसेट त्याच्या ऐपतीबाहेरची. मित्राची आणून टू-इन-वनवर उतरवायची, तिची पुन्हा नक्कल काढायची, आणि फीत ओढली जाईपर्यंत ऐकायची. ‘डीप पर्पल’ किंवा ‘आयर्न मेडन’ची एकच ध्वनिमुद्रिका शंभरदा ऐकलेल्या माणसाचे सारे भांडवल त्या चार-पाच बँडांत अडकलेले असते. नव्यात ते गुंतवायला तो का जाईल?

१९९१ नंतर उपग्रहवाहिन्या आल्या. २०१६ साली मोबाईलवरचा डेटा कमालीचा स्वस्त झाला. मुंबईचे ‘ऱ्हिदम हाऊस’ हे नामांकित दुकान बंद झाले तेही त्याच वर्षी. आज खालापूरच्या एखाद्या वाडीतल्या मुलाला जगातले कोणतेही गाणे जवळपास फुकट मिळते. त्याचे भांडवल एका जागी साचत नाही. सकाळी तो ‘मेटॅलिका’ ऐकतो, दुपारी रॅप, संध्याकाळी आगरी गाणी. मागच्या पिढीला ही चंचलता वाटते. ती किंमत शून्यावर आल्यावरची शहाणी वागणूक आहे.

नव्या मेटलमध्ये सूर आणखी खाली गेला आहे, लांबलचक गिटारवादनाची जागा तुटक, गणिती तालाने घेतली आहे, आणि उंच पट्टीच्या गायनाऐवजी घशातून काढलेला गुरगुराट आला आहे. जुन्या श्रोत्यांना सर्वाधिक खुपतो तो हा उतरलेला सूर. पण त्याचा उगम त्यांच्याच दैवताच्या तुटलेल्या बोटांत आहे. गुरगुराटाचीही एक बाजू सहसा कोणी लक्षात घेत नाही. त्यातले शब्द इंग्रजांनाही कळत नाहीत. कॉन्व्हेंटमधला मुलगा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतला मुलगा त्या आवाजापुढे प्रथमच एका पातळीवर येतात! दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ने तर ढोल आणि हिंदी-पंजाबी शब्द घेऊन २०१९ साली जर्मनीच्या वाकन महोत्सवात मेटल वाजवले. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ संतांचे अभंग गिटार-ड्रमच्या साथीने गातो. ते मेटल नव्हे, पण दार तेच.

मात्र कठोर, विजेवर वाढवलेल्या आवाजाची भूक येथे नव्हती असे समजू नये. हळदीला आणि गणपतीला वाजणारा बेंजो ऐकावा. हे मूळचे जपानी वाद्य. १९१२ च्या सुमारास नागोयात घडलेले, आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणून आलेले. कोकणातल्या पोरांनी त्याला वीज जोडली, कर्णे लावले, ताशा-ढोल साथीला घेतले. भर मिरवणुकीत त्याचा टिपेचा सूर ऐकताना गिटारची आठवण न होणारा श्रोता विरळा. ‘डीजे’च्या भिंतींनी त्याच्या पोटावर पाय आणला आहे, आणि तेथेही कारण किमतीचेच आहे. सात-आठ वादकांचे मानधन एकीकडे, एक माणूस आणि भाड्याची यंत्रे दुसरीकडे. हा तोटा मेटलच्या वादापेक्षा खूप मोठा आहे, आणि त्याची चर्चा मात्र होत नाही.

तालुक्यात मुंबईकरांचे संगीत येते ते फार्महाऊसच्या कुंपणाआडून. शनिवारी रात्री शेतांवरून त्याचे धबधब ठोके तेवढे ऐकू येतात; राखणदार आणि स्वयंपाकीण गावचीच असतात. जून २०११ मध्ये खालापूर तालुक्यातल्या एका पार्टीवर पोलिसांची धाड पडली. तेव्हापासून मोठ्या आवाजाचे पाश्चात्य संगीत म्हणजे नशापाणी, असे समीकरण अनेक पालकांच्या मनात बसले. असल्या पार्ट्यांतले यंत्रांवरचे नृत्यसंगीत निराळे, रॉक निराळे. पण कुंपणाबाहेरच्याला हा भेद कोण सांगणार?

ऐकणे फुकट झाले आणि प्रत्यक्ष मैफल महाग झाली, अशी ही उलटापालट आहे. ध्वनिमुद्रणातून मिळकत आटल्यावर कलावंतांनी ती तिकिटांतून भरून काढली, हे ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञाने सविस्तर दाखवले आहे. ‘गन्स एन’ रोझेस’ १७ मे २०२५ रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर वाजवून गेले. तिकीट काही हजारांचे. त्याच उन्हाळ्यातला बर्मिंगहॅमचा निरोपाचा सोहळा आंतरजालावरून जगभर दाखवला गेला, आणि खोपोलीच्या मुलाला तो खाटेवर पडून फोनवर पाहता येत होता. महालक्ष्मीला जायचे तर त्याला कर्जतला गाडी बदलावी लागे, पुन्हा दादरला. आणि परतीच्या शेवटच्या लोकलसाठी अखेरची गाणी सोडून निघावे लागे.