दोन फेरे फिरतो आणि अडतो!

जुन्या मोटारीचे इंजिन दुरुस्त करताना एक अडचण वारंवार येते. झिजलेला स्टड काढून त्याच जाडीचा नवा आणावा, तर तो भोकात दोन-तीन फेरे सहज फिरतो आणि मग अडतो. अशा वेळी लांब पाना लावून जोर करण्याचा मोह होतो. पण जुन्या इंजिनांचे ब्लॉक बहुधा बिडाचे असतात. बीड ठिसूळ असते. पोलादी स्टडला जोर लावला की भोकातले आटे मोडतात, आणि बंद पडलेल्या गाडीचा नवा ब्लॉक मिळणे फार कठीण असते. म्हणून जोर लावण्याआधी स्टड का अडला, हे शोधले पाहिजे.

स्टड म्हणजे डोके नसलेला, दोन्ही टोकांना आटे पाडलेला बोल्ट. त्याचे एक टोक ब्लॉकमध्ये बसवतात. दुसरे टोक सिलिंडर हेडमधून वर येते आणि त्यावर नट आवळतात.

जाडी सारखी, आटे वेगळे

आट्यांची ओळख तीन गोष्टींवरून पटते: बाहेरचा व्यास, पिच आणि आट्याचा कोन. लगतच्या दोन आट्यांमधले अंतर म्हणजे पिच. प्रयोगशाळेतला स्क्रू गेज तुम्ही हाताळला असेल. त्याचा स्क्रू एका पूर्ण फेऱ्यात जितका पुढे सरकतो, तितकी त्याची पिच. स्टडचेही तसेच असते.

आपल्याकडचे मिस्त्री ज्याला ‘अडीच सुती’ म्हणतात, त्या बोल्टचा व्यास ५/१६ इंच असतो, कारण एक सूत म्हणजे १/८ इंच. मिलिमीटरमध्ये हा व्यास ७.९४ भरतो. म्हणजे ८ मि.मी.च्या बोल्टपेक्षा तो अवघ्या ०.०६ मि.मी.ने बारीक. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. आता त्यांच्या पिच पाहा:

५/१६ इंच व्हिटवर्थ : इंचाला १८ आटे, पिच १.४१ मि.मी.
५/१६ इंच ब्रिटिश बारीक : इंचाला २२ आटे, पिच १.१५ मि.मी.
५/१६ इंच युनिफाइड बारीक : इंचाला २४ आटे, पिच १.०६ मि.मी.
८ मि.मी., आज सर्रास मिळणारा : पिच १.२५ मि.मी.
८ मि.मी. बारीक : पिच १ मि.मी.

समजा, भोक ८ मि.मी. बारीक आट्यांचे आहे आणि तुम्ही त्यात युनिफाइड बारीक आट्यांचा स्टड फिरवला. प्रत्येक आट्यामागे चूक फक्त ०.०६ मि.मी.ची. पहिल्या एक-दोन आट्यांना ती जाणवत नाही, कारण आट्यांमध्ये थोडी मोकळीक असतेच. पण दहाव्या आट्यापर्यंत चूक साठून ०.६ मि.मी. होते, म्हणजे अर्ध्या आट्याहून अधिक. व्यासातला फरक पहिल्या आट्यापाशी जेवढा, तेवढाच शेवटच्या आट्यापाशी राहतो. पिचमधला फरक मात्र आट्यागणिक वाढत जातो. म्हणूनच असा स्टड सुरुवातीला सहज फिरतो आणि मग एकाएकी अडतो.

इतके प्रकार आले कोठून?

पूर्वी प्रत्येक कारखाना स्वतःच्या मापाचे आटे पाडत असे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये एकच पद्धत सुचवली. तिच्यात आट्याचा कोन ५५ अंश होता. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा मांडला. युरोपात मेट्रिक आटे आले, तेही ६० अंशांचेच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन व अमेरिकेचे सुटे भाग एकमेकांना बसेनात, तेव्हा १९४८ मध्ये त्या दोन देशांनी कॅनडासह ‘युनिफाइड’ आटे मान्य केले.

यातले सर्वांत गमतीदार उदाहरण एम.जी. टीसी या इंग्रजी मोटारीचे. ही गाडी १९४५ ते १९४९ या काळात बनली. गाडी इंग्रजी, पण इंजिनाचे आटे मेट्रिक! याचे कारण असे : पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे कारखाना काढला. मॉरिसने तो १९२३ मध्ये विकत घेतला. तेथील यंत्रे मेट्रिक आटे पाडत. ती प्रथा पुढेही चालू राहिली. मात्र बोल्टची डोकी व्हिटवर्थ पान्यांना बसतील अशी ठेवली, कारण इंग्रज मिस्त्र्यांजवळ तेच पाने होते. त्यामुळे पान्यावरून आट्यांचा अंदाज बांधणारा हमखास फसतो. त्यात या इंजिनातील ८ मि.मी.च्या आट्यांची पिच १ मि.मी. असते, त्यामुळे आजचा नेहमीचा ८ मि.मी. बोल्टही तेथे चालत नाही.

तपासणीचा क्रम

स्टड अडला की प्रथम तो उलटा फिरवून बाहेर काढा. भोकातील गंज व काजळी स्वच्छ करा. भोक तळाशी बंद असेल तर त्यातले तेल पुसून घ्या. द्रव जवळजवळ दाबला जात नाही. कोंडलेल्या तेलावर स्टड आवळला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

मग स्टडची दोन्ही टोके पाहा. पुष्कळ स्टडना एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक आटे असतात. ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूत जाड आटे अधिक टिकतात, तर नटाकडे बारीक आटे सोयीचे पडतात. स्टड उलटा धरला असेल तर तो बसणार कसा?

त्यानंतर जुना व नवा स्टड एकमेकांना चिकटवून उजेडासमोर धरा. सगळे आटे एकमेकांत बसले आणि मधून उजेड दिसला नाही, तर पिच सारखी आहे. नेमक्या मापासाठी पिच गेज वापरतात. हे सगळे ठरण्याआधी भोकात टॅप फिरवू नका. चुकीचा टॅप मूळचे आटे कापून टाकतो आणि मग भोकाचे खरे माप सांगायला काही उरत नाही.

तुम्ही करून पाहा

दोन-तीन प्रकारचे बोल्ट मिळवा. कागदावर कार्बन पेपर पालथा ठेवून त्यावर बोल्ट आडवा दाबा. उमटलेल्या रेघांपैकी २० अंतरे, म्हणजे २१ रेघा, मोजपट्टीने मोजा आणि येणाऱ्या लांबीला २० ने भागा. एकच अंतर मोजले तर १ आणि १.०६ मि.मी. यांतला फरक कळणार नाही. २० अंतरांत मात्र तो १ मि.मी.हून अधिक होतो आणि साध्या पट्टीवर दिसतो. साठत जाणारी जी चूक स्टडला अडवते, तीच येथे तुम्हाला त्याचे खरे माप सांगते.