टर्नटेबलचं कार्ट्रिज बदलायचंय? आधी या गोष्टी तपासा

माळ्यावरचा जुना टर्नटेबल खाली काढलाय, पण गाणं लागलं की 'स' आणि 'श' फाटल्यासारखे ऐकू येतात? अनेकदा दोष सुईत असतो. अशी सुई तशीच वापरू नका. झिजलेली सुई रेकॉर्डची खाच कायमची खरवडते. सुई नवी मिळते, पण आजोबांनी जमवलेली रेकॉर्ड पुन्हा मिळेलच असं नाही.

सुई आणि कार्ट्रिज यात फरक काय?

खाचेतून फिरते ती सुई, म्हणजेच स्टायलस. तिच्या थरथरण्याचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतं ते कार्ट्रिज. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट (एमएम) प्रकारात सुई ओढून काढता येते आणि नवी बसवता येते. म्हणून आधी कार्ट्रिजवरचा मॉडेल नंबर बघा. त्याची सुई मिळत असेल, तर पूर्ण कार्ट्रिज घ्यायची गरजच नाही. शुअर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, तरी त्यांच्या अनेक मॉडेल्सच्या सुया जपानची जिको कंपनी आजही बनवते.

नवं घ्यायचं तर कोणतं?

बहुतेकांसाठी एमएम पुरेसं आहे. त्याचा सिग्नल साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो आणि जवळपास सगळ्या फोनो प्रीअँपवर तो चालतो. मूव्हिंग कॉइल (एमसी) प्रकारात हाच सिग्नल बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षाही कमी असतो. त्यासाठी वेगळा प्रीअँप लागतो आणि सुई सहसा घरी बदलता येत नाही.

स्वस्त सूटकेस प्लेअरमध्ये बऱ्याचदा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याचा टोनआर्म एमएमसाठी बनवलेला नसतो, त्यामुळे तिथे त्याच प्रकारची सुई घ्या.

माझ्या टर्नटेबलला बसेल का?

दोन स्क्रूंमध्ये अर्धा इंच अंतर असेल, तर ते नेहमीचं माउंट. स्क्रूऐवजी कार्ट्रिज प्लगसारखं आत सरकत असेल, तर ते पी-माउंट. तसंच टोनआर्म जड असेल तर कमी लवचिक सुईचं आणि हलका असेल तर जास्त लवचिक सुईचं कार्ट्रिज घ्या.

सुईचा आकार कसा ठरवायचा?

गोल टोकाची कोनिकल सुई स्वस्त असते आणि जुन्या रेकॉर्ड्सना चालते. एलिप्टिकल सुई खाचेतले बारकावे जास्त टिपते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत कोनिकलचं आयुष्य ५०० तास आणि एलिप्टिकलचं ३०० तास सांगितलं आहे. एक एलपी ४० मिनिटांची धरली, तर रोज एक ऐकून एलिप्टिकल सुई साधारण सव्वा वर्ष टिकेल.

घरात ७८ च्या रेकॉर्ड्स असतील तर?

मग वेगळी सुई हवीच. लाखेच्या या तबकड्यांची खाच रुंद असते. तिला सुमारे ३ मिलचं (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक मिल) टोक लागतं, तर एलपीला ०.७ मिलच्या आसपास. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखर वाढते. व्हीएम९५ च्या एकाच बॉडीला दोन्ही प्रकारच्या सुया बसतात.

बसवताना काय जपायचं?

वायर्सचे रंग लक्षात ठेवा: डावा चॅनल पांढरा आणि निळा, उजवा लाल आणि हिरवा. कार्ट्रिज सरळ बसलंय का, हे प्रोट्रॅक्टरने तपासा. मग सुईचा भार मोजा. ऑर्टोफोन २एम रेडसाठी तो १.८ ग्रॅम, व्हीएम९५ई साठी २ ग्रॅम. यासाठी छोटा डिजिटल काटा मिळतो. भार कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते, हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि त्यानेच जास्त नुकसान होतं.

सगळं जमलं, तरी पहिली रेकॉर्ड सर्वात लाडकी नको. एखादी साधी लावून बघा, आवाज स्वच्छ आला की मग ठेवणीतल्या काढा.